अमरत्व की पुनरुत्थान? : आद्य ख्रिस्ती देहविचारातील एका प्रसिद्ध द्वंद्वाची चिकित्सा

बाझल विद्यापीठातील नव्या कराराचे अभ्यासक ऑस्कर कुलमन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे इंगरसोल व्याख्यान दिले. आत्म्याचे अमरत्व ही कल्पना ग्रीकांची आणि मृतांचे पुनरुत्थान ही बायबलची. या दोहोंचा मेळ बसणे शक्य नाही, आणि उत्तरकालीन ख्रिस्ती समाजाने तो बसविला तो मूळ श्रद्धेला मुरड घालूनच, हा त्या व्याख्यानाचा प्रतिपाद्य विषय होय. त्यातील सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे दोन मृत्यूंची तुलना. सॉक्रेटिस शिष्यांशी संवाद करीत निश्चिंतपणे विषाचा पेला तोंडाला लावतो, कारण मृत्यू त्याला आत्म्याची बेडी तोडणारा मित्र वाटतो. येशू गेथशेमानेच्या बागेत व्याकूळ होतो, कारण मृत्यू हा त्याच्या दृष्टीने ईश्वराच्या सृष्टीवर घाला घालणारा शत्रू आहे. जेथे मृत्यू मित्र आहे तेथे पुनरुत्थानाची गरजच नाही. आणि जेथे तो शत्रू आहे तेथे नुसते अमरत्व पुरे पडत नाही.

ही मांडणी इतकी रेखीव आहे की तिचा मोह पडावा. तो पडलाही. गेल्या साठसत्तर वर्षांतील कितीतरी पाठ्यपुस्तकांत हे द्वंद्व सिद्ध प्रमेयासारखे आलेले आहे. पौलाला प्लेटोच्या चष्म्यातून वाचण्याची जी सवय जडली होती ती मोडण्याचे श्रेय कुलमन यांना दिलेच पाहिजे. परंतु पहिल्या चार शतकांतील ख्रिस्ती माणसे देहाविषयी प्रत्यक्षात काय मानीत होती, याचा इतिहास म्हणून ही मांडणी स्वीकारू लागताच ती जागोजाग उसवते. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या माणसांना खरोखर जाळणारा प्रश्न तिच्याआड झाकला जातो. देह की आत्मा, हा तो प्रश्न नव्हता. उठणारा देह हाच देह कशावरून, हा होता.

प्रथम यहुदी पुरावा पाहावा. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांच्या छळाची कथा आहे. त्यांतील तिसरा भाऊ आपली जीभ आणि हात आपण होऊन पुढे करतो. हे अवयव ज्याने दिले त्याच्याकडूनच ते पुन्हा मिळतील अशी त्याची आशा आहे. देहाच्या पुनरुत्थानाचे याहून रोखठोक चित्र त्या काळच्या यहुदी वाङ्मयात क्वचितच आढळेल. आता हेच भाऊ, हीच आई, हाच छळ मक्काबींच्या चौथ्या पुस्तकात पुन्हा येतात. पण तेथे हातपाय परत मिळण्याचा उल्लेख नाही, ईश्वराजवळ पोचलेले शुद्ध आणि अमर आत्मे आहेत. एकाच कथेला दोन भिन्न आशा जोडल्या गेल्या, आणि दोन्ही यहुदी लेखकांनीच जोडल्या. शिवाय ही दोन्ही पुस्तके मुळात ग्रीक भाषेतच लिहिलेली आहेत. हिब्रू मन देहाचे आणि ग्रीक मन आत्म्याचे, ही विभागणी येथेच कोलमडते. शब्दांवरून मनाची घडण ठरविण्याच्या या पद्धतीवर जेम्स बार यांनी १९६१ साली जी टीका केली ती आजही कोणाला खोडून काढता आलेली नाही. ‘शलमोनाचे ज्ञान’ हा ग्रंथ तर नीतिमानांच्या अमरत्वाची ग्वाही देतो, पण ते अमरत्व आत्म्याच्या अंगभूत स्वभावातून नव्हे तर ईश्वराच्या प्रसादातून आलेले आहे. त्याला कोणत्या खणात घालावयाचे?

पौलाकडे वळल्यावरही स्थिती तीच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात (हे पत्र इसवी सनाच्या ५४-५५ च्या सुमारास इफिस येथून लिहिले गेले) बीज आणि त्यातून येणारे रोप यांचा दृष्टान्त आहे. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस, मर्त्य असलेल्याने अमरत्व परिधान केले पाहिजे असे सांगताना पौल ‘अथानासिया’ हाच शब्द योजतो, जो कुलमन यांच्या हिशेबी प्लेटोच्या बाजूचा. अर्थात शब्द तोच असला तरी आशय तो नाही. अमरत्व येथे आत्म्याचा गुण नसून देहाला मिळणारे वस्त्र आहे. परंतु याचा अर्थ एवढाच की पौलाच्या ठायी अमरत्व आणि पुनरुत्थान हे प्रतिस्पर्धी नसून एक दुसऱ्याचे फळ आहे.

येथे मराठी वाचकाला एक वेगळीच अडचण येते आणि तिचा उलगडा करणे अवश्य आहे. पौल ज्याला ‘सोमा न्युमाटिकोन’ म्हणतो त्याला मराठीत आध्यात्मिक शरीर म्हणण्याचा परिपाठ आहे. हा शब्द कानी पडताच सांख्य-वेदान्ताच्या परिभाषेत वाढलेल्या मनाला लिंगदेह किंवा सूक्ष्म शरीर आठवते, आणि सारा अर्थ उलटा होतो. सूक्ष्म शरीर हे स्थूल देह पडल्यावर मागे उरणारे तत्त्व. पौलाचे आध्यात्मिक शरीर हे मागे उरत नाही, ते पुढे मिळावयाचे आहे. शिवाय त्याच्या विरुद्ध बाजूला पौलाने जो शब्द ठेवला आहे तो ‘प्सिखे’, म्हणजे प्राण किंवा जीव, या शब्दापासून साधलेला आहे. आजचे शरीर प्राणाने चालते म्हणून ते ‘प्राणमय’. उठलेले शरीर ईश्वरी आत्म्याने चालेल म्हणून ते ‘आत्मिक’. दोन्ही विशेषणे शरीर कशाने चालते हे सांगतात, कशाचे बनले आहे हे सांगत नाहीत. वस्त्राच्या उपमेचेही तसेच. गीतेत देही जुने वस्त्र टाकून नवे घेतो. तेथे देह हेच वस्त्र आहे. पौलाच्या उपमेत वस्त्र पांघरणारा स्वतः मर्त्य देहच आहे. तो काही टाकीत नाही, त्याच्यावर काही चढविले जाते. उपमा एक, दिशा विरुद्ध. भाषेची आणखी एक खोच अशी की ‘सोमा’ आणि ‘सार्क्स’ या दोन ग्रीक शब्दांना मराठीत शरीर, देह, काया हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात आणि ‘मांस’ हा नेमका शब्द अरुचीमुळे टाळला जातो. पुढील वादाचे मूळ मात्र नेमके त्या टाळलेल्या शब्दात आहे.

मांस आणि रक्त यांना ईश्वराच्या राज्याचा वारसा मिळू शकत नाही, असे पौल म्हणतो. तरीही दुसऱ्या शतकात रोम येथे रुळलेल्या श्रद्धासूत्रात ‘मांसाचे पुनरुत्थान’ हे शब्द येतात. देहाचे नव्हे, मृतांचेही नव्हे. पौलाच्या वचनाच्या तोंडावर हा शब्द का निवडला गेला? ख्रिस्ताचा देह केवळ आभास होता असे सांगणाऱ्या पंथांशी चाललेला झगडा, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण खरेच आहे. पण ते अपुरे आहे. मांस हा शब्द पुस्तकी वादातून जितका आला तितकाच तो रिंगणातूनही आला.

इसवी सन १७७ च्या सुमारास गॉल प्रांतातील लियों येथे ख्रिस्ती समाजाचा जो छळ झाला त्याचा वृत्तान्त तेथील आणि शेजारच्या व्हिएन येथील मंडळ्यांनी आशिया व फ्रिगिया येथील बांधवांना पत्राने कळविला. युसेबियसने तो आपल्या इतिहासात उतरून घेतल्यामुळे तो वाचला. सँक्टस नावाच्या सेवकाच्या अंगाला तापविलेले पितळी पत्रे लावण्यात आले, त्याचे शरीर आखडून त्याला माणसाचे रूप उरले नाही. आणि काही दिवसांनी त्याच जखमांवर पुन्हा छळ सुरू करताच ते शरीर ताठ झाले आणि त्याला पूर्वीचे रूप व अवयवांचा उपयोग परत मिळाला, असे हे पत्र सांगते. मृत्यूच्या अलीकडेच घडलेले हे एक छोटे पुनरुत्थान होय. मृतांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवून, मग जाळून, त्यांची राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली. यांना पुन्हा उठण्याची आशा आहे म्हणून तर ही माणसे हसतमुखाने मरतात. तेव्हा ती आशाच नष्ट करावी, असा छळकर्त्यांचा हेतू पत्रलेखक नमूद करतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हा तर्क ख्रिस्ती लोकांचा नव्हे, त्यांच्या शत्रूंचा आहे. पत्रलेखक त्याला तात्त्विक उत्तर देत नाही. त्याचे दुःख वेगळे आहे : रात्रीचा अंधार, पहारेकऱ्यांना देऊ केलेले पैसे, विनवण्या, यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही आणि प्रेते मातीत ठेवता आली नाहीत.

या दुःखाच्या शेजारी अंत्युखियाच्या इग्नेशियसचे रोमकरांस पत्र ठेवून पाहावे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमला नेला जात असता तो श्वापदांनीच आपली कबर व्हावे आणि देहाचा लवलेशही मागे ठेवू नये अशी इच्छा व्यक्त करतो. पचविले जाण्याचे त्याला भय नाही. दोनतीन पिढ्यांत हे भय येते आणि वाढत जाते. अथेनागोरस याच्या नावावर असलेल्या पुनरुत्थानविषयक प्रबंधात (त्याच्या कर्तृत्वाबद्दल मतभेद आहेत) ते तर्काच्या रूपात उभे राहते : माणसाला माशाने खाल्ले, तो मासा दुसऱ्या माणसाने खाल्ला, तर ते मांस उठेल कोणाचे? ग्रंथकाराचे उत्तर असे की प्रत्येक प्राण्याला स्वभावतः अनुरूप असेच अन्न त्याच्या अंगी लागते. मानवी मांस हे माणसाचे अन्नच नव्हे, म्हणून ते कधीही दुसऱ्या माणसाचा अंश होऊ शकत नाही. आजचा वाचक या शरीरशास्त्राला हसेल. परंतु असे उत्तर शोधण्याची पाळी कोणावर येते याचाही विचार व्हावा. ज्यांचे आप्त श्वापदांच्या पोटात गेले आणि ज्यांच्या आप्तांची राख नदीत गेली, त्यांना हा प्रश्न शाळकरी कूटप्रश्न नव्हता.

त्याच सुमारास सेल्सस नावाच्या टीकाकाराने ख्रिस्ती आशेची हेटाळणी केली ती नेमक्या याच जागी. कुजलेल्या देहाची ओढ कोणत्या आत्म्याला लागेल? ही तर किड्यांना शोभणारी आशा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सेल्ससला आत्म्याचे अमरत्व मान्य होते. त्याला किळस होती ती मांसाची. कुलमन यांच्या मांडणीप्रमाणे पाहता येथे ग्रीक व बायबली अशा दोन छावण्या स्वच्छ दिसावयास हव्यात. पण प्रत्यक्षात काय दिसते? तत्त्वज्ञाचा झगा अंगावर घेऊन हिंडणारा जस्टिन सांगतो की आत्मा स्वभावतः अमर नाही, आणि मेल्याबरोबर आत्मे स्वर्गात जातात पण पुनरुत्थान नाही असे म्हणणाऱ्यांना ख्रिस्ती समजू नये. उलट, अथेन्सचा आणि जेरुसलेमचा संबंध काय असा सवाल करणारा टर्टुलियन आत्मा अमर मानतो. इतकेच नव्हे तर स्टोइकांच्या मागोमाग जाऊन आत्माही एक प्रकारचा देहच आहे असे म्हणतो, आणि त्याच लेखणीने तिसऱ्या शतकाच्या आरंभी मांसाच्या पुनरुत्थानावर सर्वांत आवेशपूर्ण ग्रंथ लिहितो. त्यात तो दातांचा देखील विचार करतो : खाण्याची गरज उरणार नाही, तरी दात राहतील. तत्त्वज्ञ आत्म्याचे अमरत्व नाकारतो आणि तत्त्वज्ञानाचा वैरी ते स्वीकारतो. हॅरी वुल्फसन यांनी त्याच इंगरसोल व्याख्यानमालेत कुलमन यांच्यानंतर बोलताना दाखवून दिले की चर्चच्या आचार्यांना या दोन कल्पनांत विरोध मुळी वाटतच नव्हता. वुल्फसन यांचा निष्कर्ष कमी नाट्यपूर्ण असल्यामुळे त्याला कमी प्रसिद्धी मिळाली.

मग खरा विरोध कोठे होता? तो ओरिगेन आणि मेथोडियस यांच्यात आहे, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत सकस वाद तोच होय. ओरिगेनच्या मते देह हा नदीसारखा आहे. त्यातील द्रव्य दोन दिवसही तेच राहत नाही. म्हणून मरणसमयी जे द्रव्य अंगावर असेल तेच उठले पाहिजे हा हट्ट निरर्थक आहे. हातातले कोणते मांस, कोणत्या वर्षाचे? तरीही पेत्र हा पेत्रच राहतो आणि पौल हा पौलच, कारण द्रव्याच्या या ओघात एक ‘एइडोस’, म्हणजे त्या त्या व्यक्तीची देहाकृती, टिकून असते. याला त्याने दिलेला पुरावा फार मार्मिक आहे. बालपणी झालेल्या जखमेचा वण म्हातारपणीही अंगावर असतो, अंगावरचे तीळ तसेच राहतात. मांस कितीदा बदलले, वण बदलला नाही. ही आकृतीच ईश्वर अधिक तेजस्वी द्रव्यात उभी करील. बीज आणि रोप यांचा पौलाचा दृष्टान्त ओरिगेन अशा रीतीने राखतो. ओरिगेन देहाचा शत्रू होता हे मत त्याच्या विरोधकांनी रूढ केले. या युक्तिवादावरून तरी ते खरे ठरत नाही. इसवी सन २५० च्या छळात त्याने स्वतःच्या देहावर यातना सोसल्या होत्या हेही विसरू नये.

मेथोडियसने सुमारे अर्ध्या शतकानंतर त्याच्यावर जो आक्षेप घेतला तो तर्कदृष्ट्या बिनतोड वाटतो. ओतीव पुतळा वितळविला तर प्रथम नाहीसा होतो तो आकार; धातू मागे राहतो. म्हणजे मृत्यूत टिकणारी वस्तू आकृती नव्हे, द्रव्य होय. आणि तीच आकृती दुसऱ्या द्रव्यात उभी राहिली तर उठला तो माणूस नव्हे, त्याची प्रतिकृती. मूर्तिकाराने डाग पडलेला पुतळा वितळवून त्याच धातूतून पुन्हा ओतावा तसा ईश्वर देह पुन्हा ओतील, असे मेथोडियसचे उत्तर आहे. आक्षेप खरा, पण त्याची किंमत मोठी आहे. पुतळा वाढत नाही, भूक लागून खात नाही, म्हातारा होत नाही. देहाचे देहपण ज्या घडामोडीत आहे ती सर्व मेथोडियसला केवळ डाग वाटते. मांसाचा हा कैवारी मांसाच्या जिवंतपणाला मात्र घाबरतो, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. कॅरोलिन वॉकर बायनम यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे वर्म ओळखले : आद्य ख्रिस्ती लेखकांचा झगडा देह विरुद्ध आत्मा असा नसून बदल, कुजणे आणि पचविले जाणे यांच्याविरुद्ध होता. कुलमन यांच्यापेक्षा ही दृष्टी निःसंशय खोल आहे. मात्र बीजाचे चित्र मागे पडून पुतळ्याचे चित्र पुढे आले, असा सरळ क्रम त्यावरून कोणी लावील तर तो फसेल. लियोंच्या त्या छळानंतर तेथेच बिशप झालेला इरेनियस मातीत पडून कुजणारा आणि भाकर होऊन प्रभुभोजनाच्या मेजावर येणारा गहू, तसेच कुंभाराच्या हातातील माती, ही दोन्ही चित्रे निःसंकोचपणे वापरतो. कुजणे हा त्याच्या लेखी पराभव नाही, मार्गातील एक मुक्काम आहे.

जेरोम आणि त्याचे प्रतिस्पर्धी यांच्यात चौथ्या शतकाच्या अखेरीस माजलेली धुमश्चक्री येथे सोडून देता येईल. तिच्यात विचारापेक्षा वैर अधिक आहे. अधिक महत्त्वाचा आहे तो निसाच्या ग्रेगरीचा आत्मा व पुनरुत्थान यांविषयीचा संवाद. हा संवाद म्हणजे उघडउघड ख्रिस्ती ‘फीडो’ आहे, आणि सॉक्रेटिसच्या जागी येथे एक स्त्री आहे. ३७९ साली मरणशय्येवर असलेली थोरली बहीण मॅक्रिना गुरू आणि भाऊ शंका काढणारा शिष्य. बंधू बेसिल नुकताच वारलेला. ग्रेगरी रडू लागतो तेव्हा कुशल स्वार घोड्याला थोडे धावू देऊन मग लगाम ओढतो तशी ती त्याच्या शोकाला थोडी मोकळीक देते आणि मग आवरते. स्वतः ती शांत आहे. सॉक्रेटिसइतकीच शांत आहे. आणि ज्या निष्कर्षावर ती येते तो आहे पुनरुत्थान. कुलमन यांच्या तुलनेला याहून समर्पक उत्तर शोधून सापडणार नाही : येथे शांत मृत्यू आहे, अमर आत्मा आहे, आणि दोन्हींच्या पाठीवर देहाची आशा आहे. चित्रकार मिसळलेल्या रंगातही मूळ रंग ओळखतो, तसा आत्मा आपल्या देहाची विखुरलेली मूलद्रव्ये ओळखून त्यांच्याजवळ पहारा देत राहतो, असे मॅक्रिना म्हणते. आत्म्याचे अमरत्व येथे देहापासून सुटका करीत नाही. ते देहाची राखण करते. ऱ्होनच्या प्रवाहात गेलेल्या राखेला मिळालेले पहिले खरे तात्त्विक उत्तर हेच म्हणावे लागेल.

परंतु रुग्ण, जर्जर, विकल देह आहेत तसेच उठणार काय, या भावाच्या प्रश्नाला ती नाही म्हणते. पुनरुत्थान म्हणजे मानवी स्वभावाची मूळ स्थितीत पुनःस्थापना; रोग, वय, विकार ही नंतर अंगावर चढलेली कातडी, ती गळून पडेल. या सिद्धान्तात वणाला जागा नाही. आणि तरीही त्याच ग्रेगरीने लिहिलेल्या तिच्या चरित्रात, मृत्यूनंतर तिला वस्त्रे नेसविताना वेतियाना नावाची सहचरी दिवा जवळ आणून तिच्या छातीवरचा एक बारीक वण त्याला दाखविते. तेथे पूर्वी गाठ होती. वैद्याला अंग दाखविण्यास नकार देऊन तिने रात्रभर प्रार्थना केली, अश्रूंनी भिजलेली माती जखमेला लावली, आणि आईने क्रुसाची खूण करताच ती बरी झाली, फक्त खूण उरली. सिद्धान्ताने जे पुसले ते चरित्रकाराने दिव्याच्या उजेडात जपून ठेवले.

हा वण सिद्धान्तात परत आणला तो ऑगस्टीनने. ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या आणि अखेरच्या खंडात त्याने पुनरुत्थित देहाविषयीचे सारे जुने प्रश्न एकेक करून निकालात काढले आहेत : एकाने दुसऱ्याचे मांस खाल्ले असेल तर ते ज्याचे प्रथम होते त्याला परत मिळेल, स्त्रिया स्त्रिया म्हणूनच उठतील, कारण स्त्रीत्व हा दोष नव्हे, प्रत्येकाला ऐन उमेदीच्या वयाचे शरीर लाभेल, सर्व व्यंगे जातील. एवढे सांगून झाल्यावर तो हुतात्म्यांकडे येतो आणि आपल्याच नियमाला अपवाद करतो. त्यांचे तोडलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण जखमांच्या खुणा राहतील, आणि त्या व्यंग म्हणून नव्हे तर भूषण म्हणून. योहानाच्या शुभवर्तमानातील थोमाला दाखविलेल्या जखमांचा दाखला येथे सहज देता आला असता. ऑगस्टीन त्याऐवजी वेगळेच कारण देतो. हुतात्म्यांवर आपले प्रेम आहे, ते कसे आणि का हे सांगता येत नाही, पण त्या प्रेमामुळे त्यांच्या देहावरचे ते वण त्या राज्यातही पाहावेत अशी इच्छा होते; आणि बहुधा ते दिसतील.